सड्यावरची गुरं

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटर गेलं की कास पठार लागतं. आता सगळेच त्याला पठार म्हणतात, पाटीवरही तेच लिहिलंय. आमच्या घरात मात्र त्याला सडा म्हणायचे. 'गुरं सड्यावर गेली', 'सड्यावर धुकं उतरलं', 'सड्यावरनं पाणी सुटलं' असं बोलणं असायचं. फुलांचा सडा पडतो म्हणून सडा, असं एका पाहुण्या बाईंनी मला एकदा समजावून सांगितलं. ऐकायला गोड आहे, पण तसं नाही. डोंगराच्या माथ्यावरचा उघडा, सपाट कातळ म्हणजे सडा. कोकणातही हाच शब्द आहे. जिथं मोठं झाड उभं राहत नाही आणि नांगर चालत नाही, अशी ती जमीन. माणसाच्या कामाची नाही म्हणूनच ती गुरांच्या वाट्याला आली.

उंची साधारण चार हजार फूट. खाली काळा पाषाण आणि त्याच्या डोक्यावर जांभ्याची टोपी. जांभा म्हणजे तांबूस, भोकाभोकांचा दगड. त्याच्यावर माती कुठं चार बोटं, कुठं वीतभर, कुठं तर नुसता दगडच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असा कोसळतो की दहा हातांवरचा बैल दिसत नाही. ते पाणी काही खळग्यांत साचतं, काही जांभ्याच्या भोकांत मुरतं, आणि मग कितीतरी महिने खालच्या कड्यांतनं झिरपत राहतं. आमच्या वाडीचा झरा चैतातही आटत नव्हता, तो ह्या जांभ्याच्या जिवावर. इथंच जवळ उरमोडी नदी जन्माला येते. कास तलाव भरून वाहायला लागला की त्याचं पाणी भांबवलीच्या वजराई धबधब्यावरनं खाली कोसळतं आणि उरमोडीला मिळतं. पुढं सज्जनगडाच्या पायथ्याला परळीजवळ तिच्यावर धरण आहे, आणि ते पाणी उचलून पार माण-खटावच्या दुष्काळी शिवारात नेलंय. कास तलाव स्वतः इंग्रजांच्या राज्यातला. सातारा शहराला पाणी द्यायला बांधलेला. पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारानं पाणी शहरात जायचं. अलीकडं त्याची भिंत वाढवलीय. साताऱ्यातनं फुलं बघायला येणारा माणूस घरनं बाटली भरून आणतो, ते पाणीसुद्धा बऱ्याचदा इथलंच असतं. त्याला ते माहीत नसतं, एवढंच.

मी दहावी झालो 1977 साली. त्याच्या आधीची सात-आठ वर्षं शाळेला सुट्टी असली की मी सड्यावर असायचो. आमच्या घरची नऊ गुरं, वाडीची मिळून शंभराच्या वर. गुराखी एक ठरलेला असायचा. त्याला राखुळी म्हणून प्रत्येक घरनं नाचणी आणि वरी मिळायची, आणि रोज एका घरची भाकरी. आम्ही पोरं त्याच्या हाताखाली. अंगावर घोंगडी, पावसाचा जोर असला तर इरलं. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पानं ह्यांचं विणलेलं, पाठीवरनं डोक्यापर्यंत झाकणारं. वाऱ्यात ते उडायला बघायचं आणि त्याच्यासकट पोरगंही.

गुरांचं वर्ष ठरलेलं होतं. मिरगाचा पाऊस पडला की सड्यावर हिरवी लव यायची. पण आषाढात धुकं आणि गारठा असायचा, वासरं कुडकुडायची, म्हणून त्यावेळी गुरं खालच्या उतारावरच फिरवायची. बेंदूर झाला, पाऊस जरा थांबून थांबून पडायला लागला, की वर न्यायची. श्रावण-भादव्यात गवत कवळं असतं. गुरं दिवसभर चरायची आणि पुढं सरकायची, एका जागी उभी राहायची नाहीत. राहू देत नसत. गुराखी ओरडायचा, "हाण रं पुढं, कातळ करतीस का त्याचा?" आज इथं, उद्या ओढ्याच्या पल्याड, परवा टेकाडाच्या खाली. पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्या जागी. कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पण ज्या जागी पाणी साचतं तिथं गुरं घालायची नाहीत, खूर रुतून चिखल होतो, एवढी अक्कल सगळ्यांना होती.

आणि ह्याच दिवसांत फुलं यायची. आम्हाला त्यांचं अप्रूप नव्हतं, पण नावं माहीत होती. गेंद, तेरडा, सोनकी, चवर, आभाळी, आमरी. ओल्या कातळावर निळ्या ठिपक्यांसारखी सीतेची आसवं. वनवासात सीतामाई इथं बसून रडली, असं आजी सांगायची. पुढं एका प्राध्यापकांनी सांगितलं की ही वनस्पती किडे खाते, मुळाजवळच्या बारीक फुग्यांत त्यांना ओढून घेते. कातळावरच्या मातीत कस नाही, म्हणून ती आपलं पोट असं भरते. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं मलाच वेड्यात काढलं असतं. कवल्याचा पाला आणि भारंगीची फुलं आया-बहिणी भाजीला आणायच्या. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. गोल, टोपली उपडी घातल्यासारखं तिचं झुडूप. ती ज्या साली फुलायची त्या साली मध भरपूर, एवढाच तिचा हिशोब.

एक गोष्ट मी तेव्हापासून बघत आलोय. गाय गवत ओढते, जिभेनं वेढा घालून. गेंदाच्या ताठ दांड्याला, तेरड्याला, सोनकीला ती सहसा तोंड लावत नाही. बोटभर उंचीचं फूल आणि गुडघाभर उंचीचं गवत एकाच चार बोटं मातीत उगवतात. गवत मोकळं सुटलं तर ऊन कुणाला मिळणार हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आम्ही भातात आणि नाचणीत भांगलण कशासाठी करतो? सड्यावर भांगलण गुरं करायची.

कार्तिकात उरलेलं गवत कापायचं. कुठल्या घरानं कुठनं कुठपर्यंत कापायचं हे वाडवडलांनी ठरवलेलं. पेंढ्या बांधून डोक्यावरनं खाली आणायच्या, दारात गंज लावायची. तेवढ्यावर उन्हाळा काढायचा. 72 च्या दुष्काळात माणदेशातल्या आमच्या पाहुण्यांनी चार बैल आमच्याकडं आणून बांधले होते आणि ह्या गवतावर ते जगले. आज त्यांच्या शिवारात उरमोडीचं पाणी गेलंय. तेव्हा गवत गेलं होतं, आता पाणी जातं, जागा तीच. फाल्गुनात कुठं कुठं वणवा लावायचे. जुनं खुंट जळालं की नवं कवळं फुटतं म्हणून. हे काम मला कधीच पटलं नाही. वाऱ्यानं आग देवराईकडं सरकायची, पाखरांची अंडी जळायची. जुनं सगळंच चांगलं होतं असं सांगायला मी बसलेलो नाही.

मग गुरं कमी कशी झाली? लोक म्हणतात कुंपण आलं म्हणून. खरं तर त्याच्या आधीच निम्मी गेली होती. सड्याच्या पलीकडं बामणोलीच्या अंगाला कोयना धरणाचा शिवसागर आहे. साठच्या दशकात ते पाणी भरलं तेव्हा खोऱ्यातली गावंच्या गावं उठली, चांगली जमीन पाण्याखाली गेली. उरलेल्या माणसांना डोंगराच्या उतारावर पोट भरायचं नव्हतं. आमच्या भागातला पोरगा मिसरूड फुटलं की मुंबई धरायचा. माथाडी, गोदी, भाजी मार्केट. घरात म्हातारा-म्हातारी आणि एक दुभती म्हैस. शंभर गुरांवर एक गुराखी परवडतो, पंधरा गुरांवर नाही. गुराखीही मुंबईला गेला.

शास्त्रज्ञ मंडळी सड्यावर आधीपासून यायची. गुडघ्यावर बसून, भिंग लावून तासन् तास बघत बसायची. आम्ही हसायचो. पाण्याच्या डबक्यात इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा तुरा येतो, त्याला आता वायतुरा म्हणतात. त्या वनस्पतीला 1982 साली शास्त्रात नाव मिळालं, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. आपल्या साताऱ्याचं नाव जगाच्या पुस्तकात गेलं. नाव देणाऱ्यांत एस. आर. यादव होते. आमची गुरं ज्या डबक्यात पाणी प्यायची त्यातलं हे गवत जगात फारच थोड्या ठिकाणी उगवतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. आता मोजणी झालीय ती साडेआठशेच्या वर जातींची. पठार तरी केवढं, दहा चौरस किलोमीटर.

पुढं मोबाइलमध्ये कॅमेरा आला आणि सगळं बदललं. वर्तमानपत्रांत फोटो छापून यायला लागले. 2010 च्या आसपास भादव्यातल्या रविवारी यवतेश्वरापासून गाड्यांची रांग लागायची. लोक फुलांत बसायचे, लोळायचे, पोरांना मध्यभागी उभं करून फोटो काढायचे. सड्यावरची माती चार बोटं आहे हे वर सांगितलंच. तिच्यावरनं हजार माणसं गेली की पुढच्या साली तिथं पायवाट असते, फूल नसतं. गाईचा खूर रोज वेगळ्या जागी पडतो. माणूस मात्र दुसरा गेला तिथनंच जातो. जुलै 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस जागा युनेस्कोनं जागतिक वारशात घेतल्या. त्यातल्या महाराष्ट्रातल्या चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर तर विचारायलाच नको.

तेव्हा काहीतरी करणं भाग होतं. आजूबाजूच्या गावांची संयुक्त वनव्यवस्थापन समिती झाली. माणशी शुल्क ठेवलं, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, गाड्या लांब थांबवल्या. आमच्या पोरांना हंगामापुरतं का होईना काम मिळालं. कुणी तिकिटावर, कुणी वाटाड्या, कुणी राखणदार. ज्यांच्या बापानं इथं गुरं राखली ती पोरं आता माणसं राखतात, असं आमच्यात चेष्टेनं म्हणतात. पण ह्या पोरांनी सडा वाचवला हे मी मान्य करतो. कचरा उचलला, लोकांशी भांडून त्यांना वाटेवर ठेवलं. शेजारी चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कोल्हापूरकडच्या काही सड्यांवर बॉक्साइटसाठी जांभाच खणून नेला. त्या मानानं आमच्या सड्याचं नशीब थोर.

ह्याच काळात पठाराभोवती लोखंडी जाळीचं कुंपण आलं आणि आत चराई बंद झाली. कुंपण घातलं होतं माणसांना अडवायला. पण जाळीला माणूस काय आणि गाय काय. गवेही अडले, भेकरंही अडली. पहिली दोन-तीन वर्षं फुलं दाटून आली, सगळे खूश. मग गवत वाढायला लागलं. जिथं गेंदाची पांढरी चादर असायची तिथं कमरेइतकं गवत वाऱ्यावर डुलायला लागलं. जुनं वाळलेलं गवत कुजून त्याचा थर साचला, बारीक बी मातीपर्यंत पोचेना. टोपली कारवी पसरत चालली. गावातली म्हातारी माणसं म्हणायला लागली, "गुरं सोडा आत." सुरुवातीला कुणी ऐकलं नाही. अडाणी माणूस आपल्या गुरांच्या चाऱ्यासाठी बोलतोय, असंच सगळ्यांना वाटलं. नंतर काही अभ्यासकही तेच बोलायला लागले.

खरं म्हणजे हा धडा देशानं आधी एकदा घेतला होता आणि फार महाग घेतला होता. राजस्थानात भरतपूरला पाखरांची मोठी पाणथळ जागा आहे, घना म्हणतात. तिथं आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या चरायच्या. 1982 साली, म्हणजे आमच्या वायतुऱ्याचं बारसं झालं त्याच साली, तिथं चराईवर बंदी आली. गावकरी चिडून आत शिरले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. म्हशी गेल्या, आणि पाण्यात गवत असं माजलं की पाखरांना पोहायला जागा राहिली नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या लोकांनी बरीच वर्षं तिथं अभ्यास केला आणि शेवटी सांगितलं की म्हशींची गरज होती. हे मी माधव गाडगीळांच्या लिखाणामुळं ऐकलं. ज्यांची माणसं गेली त्यांना तो अहवाल कुणी वाचून दाखवला असेल का, हे मात्र माझ्या मनातनं जात नाही.

दुसरी जागा मी डोळ्यांनी बघितलीय. 2018 साली आमच्या भजनी मंडळाबरोबर बद्रीनाथला गेलो होतो. वाटेत गोविंदघाट लागतो, तिथनं घांगरियाला चढून गेलं की फुलांची दरी. कासला महाराष्ट्राची फुलांची दरी म्हणतात, म्हणून मी आणि आमच्यातले दोघं हट्टानं गेलो. पुष्पावती नावाची नदी मधनं वाहते, बर्फाचं पाणी, दोन्ही अंगाला कुरण. 1931 साली फ्रँक स्माइथ नावाचा इंग्रज गिर्यारोहक कामेट शिखर चढून परतताना इथं उतरला आणि त्यानं पुढं ह्या दरीवर पुस्तक लिहिलं. 1939 मध्ये जोन लेग नावाची बाई फुलं गोळा करायला आली, कड्यावरनं पडून मेली, तिची कबर तिथंच आहे. 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं. पुन्हा तेच साल! मेंढ्या-गुरांची चराई बंद झाली. 2005 मध्ये जागतिक वारसा. आत मुक्काम करू देत नाहीत, संध्याकाळच्या आत परतायचं. शिस्त चांगली आहे. पण मध्ये मध्ये पुरुषभर उंचीची दाट झाडोऱ्याची रानं दिसली, बाकी काही उगवू न देणारी. पॉलिगोनम म्हणतात तिला. दरसाल मजूर लावून ती उपटावी लागते. आमच्या वाटाड्याचा बाप म्हणाला, "पहले भेड़ें खाती थीं." तिथल्या अभ्यासकांचं एकमत नाही. काही म्हणतात चराई थांबल्यामुळं ती माजली, काही म्हणतात दरडी कोसळलेल्या जागी ती येतेच. मी काही शास्त्रज्ञ नाही. पण मेंढपाळाला आणि गुराख्याला दोन हजार किलोमीटरच्या अंतरावर एकच गोष्ट दिसते, तेव्हा ती नोंदवून ठेवावी असं मला वाटतं.

शेवटी आमच्या पठारावरची जाळी काढायचं ठरलं आणि ती काढली. चार वर्षांपूर्वी असं होईल म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. गावात आनंद झाला. मलाही झाला. म्हाताऱ्यांचं म्हणणं एकदाचं सरकारी कागदावर आलं. आता गुरांनी वर यावं, चरावं, असं वरनंच सांगायला लागले.

आणि मग कळलं की गुरं कुठं आहेत? दावणी रिकाम्या. नांगराची कामं पॉवर टिलर करतो. दूध डेअरीला घालायचं तर संकरित गाय गोठ्यात बांधून पेंड खाऊ घालावी लागते, ती सड्याच्या पावसात एक दिवस टिकायची नाही. सड्याला लागते ती आपली डोंगरी, काटक, बुटकी गाय, जी दिवसाला दोन लिटर दूध देईल आणि आठ किलोमीटर चालेल. असली गाय आता कोण पाळणार? आणि पाळली तरी तिच्यामागं जाणार कोण? नातू म्हणतो, "आज्या, हंगामात तिकिटावर बसलो तर रोज मिळतो. गुरामागं काय मिळतंय?" त्याचं बरोबर आहे. मी त्याला उलट उत्तर दिलं नाही. राखुळीची नाचणी देणारी घरंच राहिली नाहीत.

माझं म्हणणं मी समितीतल्या पोरांना सांगितलंय. फुलं बघायला येणाऱ्यांचे पैसे गोळा होतात, त्यातनं गुराख्याला पगार द्या. वाटाड्याला देता तसाच. आठवड्याचं फिरणं ठरवा, पाणथळ जागा सोडा, कुठं किती दिवस ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढा, आम्ही आहोत तोवर. गवत कापणीही पुन्हा सुरू करा. काही पोरांना पटलंय, काही म्हणतात बघू.

तुम्ही येणार असाल तर ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत या. नोंदणी आधी करून या, आणि शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी या. रंग दर आठवड्याला बदलतो. आधी गेंदाचा पांढरा, मग तेरड्याचा जांभळट गुलाबी, शेवटी सोनकीचा पिवळा. तुमच्या वाट्याला कुठला येईल ते पावसाच्या हातात आहे. सगळे गाडीजवळच घुटमळतात. तुम्ही महाबळेश्वराकडं जाणाऱ्या जुन्या राजमार्गानं कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत चालत जा, वाट सोडू नका. पांढरी कुमुदिनी दुपारनंतर मिटते म्हणून सकाळीच जा. वाटेत गुरं दिसली तर हॉर्न वाजवल्यासारखं ओरडू नका, ती आपणहून बाजूला होतात.

ह्या भादव्यात आमच्या वाडीतनं अकरा गुरं वर जात होती. त्यातली चार माझी. त्यांच्यामागं मी स्वतःच जातो, कारण गुराखी अजून ठरलेला नाही.